उत्तर आलं तर थांबायचं

इनरमूस,
मेणबत्त्यांच्या सणानंतरचा गुरुवार

प्रिय फ्रोनी,

तुला आशीर्वाद द्यावेत इतकी मी थोर नाही आणि नमस्कार करावा इतकी लहान नाही, तेव्हा नुसतीच खुशाली विचारते. लिंत्सची हवा तुला मानवली असं ऐकते. इथली हवाही काही वाईट नव्हती म्हणा. आम्ही सगळे ठीक. माझा गुडघा तेवढा माझ्याआधी म्हातारा झालाय. तांबडी व्यायली, कालवड झाली. पाद्रीबुवांना यंदाही ऐन मेणबत्त्यांवर आशीर्वाद म्हणताना शिंक आली आणि पहिली रांग विझली. बायका अजून त्यावरच बोलताहेत.

तुझं पत्र पोचलं. ईस्टरला लग्न करतेस हे वाचून मला बरं वाटलं. लगेच नाही वाटलं, पण रात्रीचं पावाच्या गोळ्यांचं सूप वाडग्यात वाढेपर्यंत वाटायला लागलं. तुझा एमेरिक घड्याळं दुरुस्त करतो, म्हणजे वेळेवर घरी येत असेल. तुझ्या पहिल्या नवऱ्याला, आमच्या वेंडलला, ते कधी जमलं नाही. हे वाक्य लिहायला नको होतं, पण आता खोडलं तर तू उजेडाला धरून वाचशील, मी तुला ओळखते.

तू जे विचारलंयस त्याच्याकडे येतेच. आधी इकडची बातमी सांगते.

लाकूडघसर पुन्हा उघडली. वेंडल बर्फाच्या लोंढ्यात गेला तेव्हापासून दोर लावून बंद केलेली ती वाट आता नकाशावर ठळक रेघेनं छापलीय. नवे मॅनेजर म्हणतात, यंत्रानं दाबून इस्त्री केलेल्या स्कीच्या उतारांना लोक कंटाळलेत. त्यांना डोंगर जसाच्या तसा हवा, झाडांमधून, ओढ्याच्या कडेनं, पणजोबा उतरायचे तसा. मी म्हटलं, "पणजोबा हौसेनं नव्हते हो उतरत, ओंडके खाली सोडायला जायचे." ते खूप हसले आणि आठवड्याभरात माझंच वाक्य पाटीवर रंगवून लावलं. त्याचा मला एक कप कॉफीसुद्धा मिळाला नाही.

खुणेचे बांबू रोवायला मी पहिल्यांदा एकटीच उतरले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वरची ती डोंगराची मोठी वाटी, तिच्या काठावरून खाली घ्यायची झेप, मग लार्चच्या म्हाताऱ्या झाडापाशी घ्यायचं वळण, आणि बर्फाखालून येणारी ओढ्याची खुळखुळ. बर्फ गुडघाभर, कुणी न तुडवलेला. लार्चला टेकून मी पाव खाल्ला. तिथेच वेंडल सापडला होता, हे मला पाव संपल्यावर आठवलं, आणि मग फार वाईट वाटलं.

संध्याकाळची फेरी माझ्याकडे आहे. तुला हे पाठ आहे, पण एमेरिक पत्र वाचणार असेल तर त्याच्यासाठी लिहिते. रोपवे बंद झाला की आम्ही सगळ्यांच्या शेवटी उतरतो. ठरलेल्या जागी थांबून ओरडायचं, "अजून कुणी आहे का?" आणि एक प्रार्थना मनात म्हणून होईपर्यंत कान द्यायचा. उत्तर आलं तर तो माणूस येईपर्यंत तिथेच थांबायचं. नाही आलं तर पुढे. अगदी खाली, गवळ्याच्या झोपडीपाशी, वायरलेसवर सांगायचं, "उतार मोकळा." मग रोपवेच्या खालच्या स्टेशनातला गेबहार्ड वरचे सुरुंग उडवतो आणि साठलेला बर्फ पाडतो. उत्तर आलेलं असताना मोकळा म्हणायचं नाही, प्रत्यक्ष बिशपनं सांगितलं तरी. आपल्या आजोबांच्या वेळी कुणीतरी माणसाची हाक प्रतिध्वनी समजून मोकळा म्हटलं होतं. त्याचं फळ आपल्या दफनभूमीत भिंतीकडेला आहे.

तर जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर एका संध्याकाळी मी लार्चपाशी ओरडले आणि वरून उत्तर आलं, "आहे, थांब!"

मी थांबले. कुणी आलं नाही. पुन्हा ओरडले, पुन्हा तेच. अंधारायला लागलं तसा आवाज बंद झाला. वर चढून पाहिलं तर बर्फावर माझ्याशिवाय कुणाचाच माग नव्हता. गेबहार्डला सांगितलं की माझी स्कीची पट्टी तुटली.

दुसऱ्या संध्याकाळी आवाज म्हणाला, "बुर्गी, थांब."

मला बुर्गी वेंडलशिवाय कोण म्हणायचं, सांग. आईसुद्धा वालबुर्गा म्हणायची.

मी घाबरले नाही, फ्रोनी. घाबरायला हवं होतं, पण मला सुख वाटलं. आवाज अगदी तसाच, थोडा बसका, धावत आल्यासारखा. त्यानंतर मी सकाळपासून संध्याकाळची वाट बघायला लागले. गुडघ्याला पट्टा बांधून, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, दुसऱ्याची फेरी मागून घेऊन जायची. तो फक्त थांब म्हणायचा आणि मी थांबायची, रोज थोडी जास्त. गेबहार्ड चिडवायचा, "काय गं, वर म्हातारा गाठलायस का एखादा? आम्हाला दाखव तरी!" मी म्हणायची, "तुझ्यापेक्षा देखणा आहे." जीभ कशी झडली नाही माझी, कोण जाणे.

तुझं पत्र आलं ते याच दिवसांत. तू विचारलंस, "बुर्गा, लग्नाआधी मला खरं सांग. त्या संध्याकाळी तो तिथे कुठल्या बाईसाठी थांबला होता?" मी उत्तर लिहायला बसले आणि उठले, बसले आणि उठले. लार्चपासून ओढ्यापर्यंत बर्फ उकरूनही दुसरं कुणी सापडलं नव्हतं, गावातलं कुणी हरवलं नव्हतं, आणि संध्याकाळच्या फेरीवरून वेंडलनं वायरलेसवर खाली कुणी बाई आहे म्हणून सांगितलं होतं. गावानं त्याचा जो अर्थ लावला, लपूनछपून भेटणाऱ्या बाईचा, तोच तू लावलास आणि सामान बांधलंस. मी त्याची सख्खी बहीण, तरी मीही तोच लावला होता. मला वाटायचं, आता तो बोलतोच आहे तर एकदा त्यालाच विचारावं. पण विचारलं नाही. रागावून गप्प झाला असता तर?

या सोमवारी वादळ झालं. बर्फ आडवा येत होता. दुपारीच उतार बंद केले. वाटीत इतका साठला होता की अंधारापूर्वी सुरुंग उडवला नसता तर रात्री किंवा सकाळी तो आपला आपण सुटून रस्त्यापर्यंत आला असता, आणि रस्त्यावर दुधाची गाडी, शाळेची बस. फेरी मीच घेतली.

लार्चपाशी ओरडले. "बुर्गी, थांब. आलोच." इतका जवळून कधीच आला नव्हता.

गेबहार्ड वायरलेसवर ओरडत होता, "बुर्गा, कुठे आहेस? मोकळा का?"

"नाही. उत्तर आलंय."

"कुणाचं? सगळे खाली आलेत. मी स्वतः मोजलेत."

मी पुन्हा वरच्या बाजूला कान दिला.

"कोण आहे तिथे, बुर्गा? नाव सांग."

"वेंडल," मी म्हटलं.

मला वाटलं, आता तो हसेल किंवा शिवी देईल. पण तो अगदी हळू म्हणाला, "बुर्गा, ऐक माझं. त्यानंही त्या संध्याकाळी असंच कुणाचं तरी नाव घेतलं होतं. ते माणूस तिथे नव्हतं. मला पक्कं ठाऊक आहे, मी त्या माणसाला तेव्हा डोळ्यांनी दुसरीकडे बघत होतो. खाली ये, बाई. तुझ्या पाया पडतो, खाली ये."

माझ्या पायाखालचा बर्फ तेव्हा धप्प करून बोटभर खाली बसला. त्या आवाजाचा अर्थ तुलाही कळतो, वरचा अख्खा थर सुटायला आलाय.

मी वळले. मागून तो म्हणाला, "बुर्गी, मला सोडून?" फ्रोनी, आई गेली तेव्हाही मला इतकं जड गेलं नव्हतं. मी रडत उतरले, चष्म्याला आतून पाणी, समोरचं काही दिसत नव्हतं, गुडघ्यानंच वाट काढली. झोपडीपाशी पोचून मी म्हटलं, "उतार मोकळा." उत्तर आलेलं असताना जाणूनबुजून मोकळा म्हणणारी मी या गावातली पहिलीच असेन. वर सुरुंग झाला आणि अख्खी वाटी खाली आली. लार्च कमरेतून मोडला.

गेबहार्ड स्टेशनाच्या दारात बाटली घेऊन उभा होता. ग्लास दोन आणले होते, पण आधी दोन्ही त्यानंच प्यायले. मग बोलला. त्याचेच शब्द लिहिते.

"वेंडल म्हणाला, खाली कुणी बाई आहे, हाका मारतेय. मग हसला. म्हणाला, अरे, ही तर आमची फ्रोनी! वेडी बया, या वादळात इथे कशी आली? थांबतो तिच्यासाठी. आणि बुर्गा, मला या खिडकीतून फ्रोनी समोर दिसत होती. बेकरीच्या पायरीवरचा बर्फ ओढत होती, डोक्याला लाल रुमाल. मी त्याला ते सांगायला वायरलेसचं बटण दाबलं, तोवर वर बर्फ सुटून गडगडलं."

मी विचारलं, "मेल्या, इतकी वर्षं का नाही सांगितलंस तिला?"

"काय सांगू? तुझ्याच आवाजानं तुझा नवरा नेला म्हणून?" तो म्हणाला आणि रडायला लागला. त्यानं सगळ्यांना फक्त 'कुणी बाई' एवढंच सांगितलं. बाकीचं गावानं केलं.

तर फ्रोनी, तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर. बाई होती. ती तू होतीस. तो तुझ्यासाठी थांबला होता, दुसऱ्या कुणासाठीही नाही. तुला हे वाचून हलकं वाटेल की जड, मला कळत नाही. पण संशय उराशी घेऊन तू दुसऱ्याच्या घरात जाऊ नयेस, म्हणून लिहिलं. एमेरिकला दाखव. घड्याळवाल्याला धीर असतो, तो समजून घेईल.

मी फेरी सोडली. लाकूडघसरीला पुन्हा दोर लागलाय. पाटी तशीच आहे. पण संध्याकाळ झाली की मी उगाच दाराशी जाऊन उभी राहते आणि कान देते. म्हणून ईस्टरच्या आधीच तुझ्याकडे येते आणि लग्न झाल्यावरही थोडी राहीन म्हणते. सूपचे गोळे मीच करीन, तुझ्या हातचे दगड होतात.

एकच मागणं आहे. मी आले की स्टेशनवर लांबून किंवा पाठीमागून मला हाक मारू नकोस. समोर ये, हाताला धर, आणि मगच बोल. मीही तसंच करीन.

तुझी, अजूनही नणंदच,
बुर्गा