पहिलं ऐकणं

६ ऑगस्ट १९६३, अमरावती
नलू राखीला माहेरी आली आहे. आज दुपारी इकडे आली. (यापुढे नुसतं न. लिहीन, शाई वाचते.)

नवी रेकॉर्ड आणली. अमेरिकेतली काळी बाई गाते, मागे पियानो आणि ट्रंपेट. काटा तासून ठेवलाच होता. लोखंडी पिना मिळेनाशा झाल्यापासून आम्ही बाभळीचा वाळका काटा लावतो, आवाज मऊ येतो. न.ने ग्रामोफोनला चावी दिली, मी काटा टेकवला. नेम होस्टेलपासूनचा. नवं गाणं एकटीने ऐकायचं नाही. पहिलं ऐकणं दोघींनी, डोळे मिटून, संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही.

आज मी डोळे उघडले. आईने आत पातेलं पाडलं म्हणून. न. डोळे मिटून बसली होती. या गाण्यात एका जागी सगळं थांबतं, वाटतं संपलं, आणि मग एकदम ट्रंपेट येतं. मी दचकले. न. दचकली नाही. सगळं थांबलेलं असतानाच तिची मान हळूच खाली आली, आणि ट्रंपेट बरोबर तिथेच आलं.

तिने हे आधी ऐकलं आहे.

विचारलं नाही. तिने भजी खाल्ली, आईला म्हणाली, "मावशी, अशी भजी आमच्या अकोल्यात कोणाले जमत नाई." आई खूष. मी कपबशा उचलल्या.

७ ऑगस्ट
डोक्यातून जात नाही. स्वतःलाच समजावते आहे, अंदाजाने हलली असेल मान. पण ती जागा अंदाजाने सापडणारी नाही. मीच तर इतकी वर्षं ऐकते आहे.

पण ऐकलं कशावर? तिच्याकडे मशीन नाही. रेकॉर्डी तिच्या, मशीन माझं, अशी आमची विभागणी. नागपूरला होस्टेलच्या वॉर्डन मिस रोझ देश सोडून गेल्या तेव्हा मशीन मला देऊन गेल्या. न.ला रेकॉर्डी दिल्या. म्हणाल्या होत्या, म्हणजे तुम्हाला भेटावंच लागेल. शहाणी बाई. सासर, बदल्या, काहीही होवो, भेटत राहिलो.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडावंदन. माझ्या वर्गाच्या मुली गाण्याची दुसरी ओळ विसरल्या. हेडबाई माझ्याकडे बघत होत्या, जणू मीच विसरले.

परत येताना न.चा भाऊ भेटला. मी सहज विचारलं, अकोल्याचं काय नवीन. म्हणाला, "काही नाई. जावईबापूंनी रेडिओग्राम आणला ना उन्हाळ्यात, मुंबईवरून. कपाटाएवढा हाय, रेडिओ बी वाजते अन् रेकॉर्डी बी. तुमाले नलूताईनं सांगतलं नाई?"

म्हटलं, सांगितलं होतं, विसरले.

उन्हाळा. म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आखाजीला आली तेव्हाही होता. तेव्हा आम्ही दोन रेकॉर्डी ऐकल्या. त्याही शिळ्याच असणार. मी मात्र प्रत्येक वेळी डोळे मिटून बसले, बावळट.

२ सप्टेंबर
न.ला कार्ड टाकलं. एकच वाक्य: रेडिओग्राम कसा वाजतो?

११ सप्टेंबर
उत्तर आलं. "अगं सांगणारच होते, तुला वाईट वाटेल म्हणून राहिलं." पुढे मुलीच्या गोवराबद्दल, त्यांच्या कापसाच्या जिनिंगमधल्या संपाबद्दल.

वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. आता वाटलं नाही का?

२१ ऑक्टोबर
भाऊबीज झाली, न. आज आली. येताना लहान रेकॉर्ड आणली, बशीएवढी, पातळ. "आता त्या मोठ्या, जड रेकॉर्डी बंदच होऊन राहिल्या म्हणते. नवं सगळं याच्यावरच येते. ही तुझ्यासाठी. सुशी, काय बाई गाते, देवळात गायल्यासारखी, आणि खाली ढोल असा की पाय थांबत नाई."

म्हटलं, म्हणजे ऐकलीस.

मग म्हणाली, "यांचे मित्र येतात रविवारी. लावतात. मी काय कानात बोळे घालू?"

खरं आहे. कानात बोळे कसे घालणार. आणि ही तबकडी माझ्या मशीनवर वाजत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. वेग वेगळा, खाच बारीक, माझ्या मशीनचा हात जड. वाजवली की नांगर फिरेल. तरी तिने दिली आणि मी घेतली. पाकिटावर बाईचा फोटो आहे, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. कपाटावर उभं करून ठेवलं आहे. गाण्याचा फोटो बघायचा, ऐकायचं नाही.

आई म्हणाली, "काहून वं, लावत नाई का?" म्हटलं, ही दाखवायची आहे.

१० डिसेंबर १९६३, अकोला
शिक्षिकांचं शिबिर, तीन दिवस, आज दुसरा. फळा कसा लिहावा यावर एका गृहस्थांनी तासभर भाषण दिलं. ते कधी वर्गात उभे राहिले असतील असं वाटत नाही.

मुद्द्याचं लिहिते. संध्याकाळी न.कडे गेले. लहान रेकॉर्ड पिशवीत घेऊन. तिनेच लिहिलं होतं, ये म्हणून. एवढ्या वर्षांत तिच्या सासरी पहिल्यांदा. आजवर तीच आली, मी गेले नाही, आणि का गेले नाही हे दोघींपैकी कोणी बोललं नाही.

मोठं घर. बैठकीत बसवलं, वेताची खुर्ची, पंखा. तिचे यजमान उठून नमस्कार करून बसले. सभ्य माणूस. म्हणाले, "ह्या तुमच्या मैत्रिणीनंच आमाले हे संगीत शिकवलं. ते सांगते ना, ट्रंपेट काय ऐकता, ट्रंपेट थांबते ते ऐका. रविवारी येतात ते आमचे डॉक्टरसाहेब तर फिदा झाले त्या वाक्यावर."

ते वाक्य माझं. होस्टेलच्या गच्चीवर, परीक्षेच्या आदल्या दिवशी, मी म्हटलं होतं. न. पंख्याकडे बघत होती.

चहा आला. कप सगळ्यांसारखाच होता, खोटं कशाला लिहू. तेवढी सुधारणा झाली आहे. मग मी रेकॉर्ड काढली. न. उठली, मीही उठले. रेडिओग्राम मधल्या खोलीत आहे. देवघर त्याच खोलीच्या कोपऱ्यात. सासूबाई दाराशी वाती वळत बसल्या होत्या. सरकल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "बसा ना बाई खुर्चीवर, उभ्या काहून राहिल्या? आवाज तं येतेच बाहेर."

न. आत होती, रेकॉर्ड हातात घेऊन. माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. एवढंच वाटत होतं, ती म्हणेल, चल गं, ये आत. किंवा रेकॉर्ड घेऊन परत बाहेर येईल. काहीही.

तिने रेकॉर्ड लावली.

मी खुर्चीवर बसून ऐकली. आवाज खरंच येतो बाहेर. पंख्याचाही येतो. यजमान मध्येच उठून मुनीमाशी बोलायला गेले. बाई आत गात होती, ढोल भिंतीमागे. चांगलं होतं की नाही सांगता येत नाही, माझं लक्ष त्या उंबऱ्यावर होतं.

होस्टेलमध्ये मिस रोझनी सांगितलं होतं, हे गाणारे ज्या हॉटेलांत गायचे त्यांच्या पुढच्या दारातून त्यांना जाऊ देत नसत, मागच्या दाराने नेत. ते ऐकून न. रडली होती. जेवली नाही त्या दिवशी. अमेरिकेसाठी रडली. मी नव्हते रडले, मला त्यात नवीन काय होतं.

११ डिसेंबर
शिबिर संपलं. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं नाव चुकलं आहे. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत उभी आले.

आईला सांगितलं नाही. ती सारखी विचारते, घर कसं हाये, लेकरू कसं हाये. म्हटलं, चांगलं आहे सगळं.

१५ डिसेंबर
रविवार. आई समाजाच्या विहारात गेली होती. मी मशीन काढलं, नवा काटा तासला आणि लहान रेकॉर्ड लावली.

काय होणार ते ठाऊक होतं. तरी लावली. मशीन तिला फार वेगाने फिरवतं, बाई चिमणीसारखी चिरकायला लागली. बोट टेकवून वेग कमी केला, तर घोगरी झाली. कमी-जास्त करत एका ठिकाणी, थोडा वेळ, माझ्या बोटाखाली तिचा खरा आवाज लागला. अंगावर काटा आला. तेवढ्यात काट्याने खाच सोडली आणि सरळ मधोमध ओरखडा गेला. उचलून परत ठेवला, पुन्हा तेच. आता ती कोणाच्याच मशीनवर वाजणार नाही.

बरं झालं असं वाटलं. मग नाही वाटलं. मग बसून रडले. गाण्यासाठी की कशासाठी, कोण जाणे. जे काही कळलं ते एवढंच, की ती बाई फार मोठी आहे आणि मला ती पूर्ण ऐकायची आहे.

२० जानेवारी १९६४
संक्रांतीचा तिळगूळ आला न.कडून, भावाच्या हाती. डबा परत दिला नाही. आई म्हणाली, रिकामा कसा द्यायचा, काही भरून दे. मी म्हटलं, राहू दे.

रेकॉर्डींवाचून आता साडेपाच महिने. जुन्या न.कडेच आहेत. मशीनला तेल दिलं, उगीच.

८ मार्च
भावाच्या साखरपुड्यासाठी न. आली. मी गेले नव्हते, म्हणून तीच इकडे आली, पाहुणे सोडून. आल्या आल्या म्हणाली, "बोलत काहून नाई? बोल ना, शिव्या दे."

शिव्या दिल्या नाहीत. रेकॉर्ड दाखवली. तिने ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"अगं, त्याच्यावर लावायची नसते ही."
"मग मला दिलीस कशाला?"

मग खूप बोलली. त्या घरात सासूच्या शब्दाबाहेर पाणी पिता येत नाही, मुलीचं नावसुद्धा तिला विचारून ठेवलं नाही, रविवारी यांच्या मित्रांसमोर ती बोलते तेवढाच आठवड्यातला तिचा आवाज. "मी तरी कुठे आत हाओ त्या घरात, सुशी?"

"तू बसतेस ना आत?"
"बसते."
"मग झालं."

चिडली. म्हणाली, तुला काय ते एकच दिसतं. हो, मला ते एकच दिसतं. तिला ते सोडून बाकी सगळं दिसतं. होस्टेलपासून हेच चालू आहे, फक्त तेव्हा गाणी मोठ्याने वाजत होती.

माझं वाक्य तिने आपलं म्हणून खपवलं तेही बोलले. तर म्हणाली, "तुझं नाव कसं घेऊ त्यायच्यासमोर?" आणि बोलून गेल्यावर तोंडावर हात ठेवला. मी म्हणणार होते ते तिने स्वतःच म्हटलं होतं.

जाताना दारात आईच्या पाया पडली. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, नेहमीसारखा. मला आईचाही राग आला.

१२ मार्च
न.चा निरोप, भावाकडून. तीच रेकॉर्ड दुसरी मागवली आहे. आणखी एक नवीनही आहे, त्याच बाईची. ती लावलेली नाही, यजमानांनाही लावू दिलेली नाही. पाकीट फोडलेलं नाही. "ताईनं शपथ घेऊन सांगाले सांगतलं," तो म्हणाला. येत्या रविवारी यायचं, मधल्या खोलीत बसून ऐकायचं, दोघींनीच.

मी विचारलं, सासूबाई हो म्हणाल्या?

बिचारा खोटं बोलायला शिकलेला नाही. म्हणाला, "त्या तेल्हाऱ्याले चालल्या ना लेकीकडे. सोमवारी येतीन."

१४ मार्च, शनिवार
म्हणजे सासूबाई घरात नसताना. गडीमाणसं दुपारी झोपतात, तेव्हा. देवघराच्या कोपऱ्यावर पडदा ओढला असेल की नसेल. आणि सोमवारी त्या परत आल्यावर खोली जशी होती तशी, मी तिथे आलेच नव्हते.

कालपासून मनात न.शी भांडते आहे. हे बोलावणं नव्हे, मला लपवणं आहे. मग तिची बाजूही मीच मांडते. तिच्या हातात जेवढं होतं तेवढं तिने केलं. शपथ घेऊन पाकीट बंद ठेवलं आहे, नवऱ्याचा हातसुद्धा अडवला. हे सोपं नसणार. मग पुन्हा तो उंबरा दिसतो आणि सगळं पहिल्यापासून.

शेवटी आईला सांगितलं, डिसेंबरचंही. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "मले माहीत होतं. तू आली तेव्हाच दिसलं. जाय का नको जाऊ, मी नाई सांगणार. मी असती तं नसती गेली. पण मले गाण्याचं काही कळत नाई, तुले कळते."

मग तिनेच विचारलं, "सकाळी डबा देऊ का दोघींचा?"

म्हटलं, बघू.

न जायला कारणं भरपूर आहेत, आणि सगळी खरी आहेत. पण त्या बाईचा आवाज बोटाखाली लागला होता तो जात नाही. जावंसं वाटतं आहे, मनापासून. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो आहे.