काकूंचा उपास

९ मार्च
आज सकाळी नाम घेतलं, काचपेटीचं झाकण सरकवलं, डब्यातले पाच रातकिडे आत झटकले, तोंड फिरवलं आणि कामावर निघून गेलो.

लेक परगावी नोकरीला लागली आणि तिचा पाळीव कोळी माझ्या गळ्यात पडला. तळहाताएवढा, केसाळ. ती त्याला ‘काकू’ म्हणते. आमची ही म्हणते, “कोपऱ्यात फुगून बसायची तऱ्हा अगदी माझ्या जावेची!”

जाताना लेकीने बजावलं होतं, “बाबा, काकूंचा उपास सुरू झाला की किडे टाकू नका. आणि एरवीही उरलेला किडा संध्याकाळी काढायचाच.” बरेच दिवस काकू काही खात नाहीत. पण उपास करावा माणसाने. मुक्या जीवाला कसला उपास? भूक मेली असेल — म्हणून आज दोन जास्तच टाकले.

संध्याकाळी झाकण उघडलं नाही. जीव जाताना मला बघवत नाही.

१० मार्च
किडे काढायचे राहिले. उद्या नक्की.

१२ मार्च
काकू उताण्या पडल्या आहेत! पाय वर. मी हात जोडले.

“अहो, हात काय जोडता, पोरीला फोन लावा!”

लेक ओरडलीच — “मेली नाही ती, बाबा! कात टाकतेय. म्हणून तर उपास होता. आता अंग लोण्यासारखं मऊ असतं तिचं. आत किडे नाहीत ना?”

“नाहीत,” म्हणालो.

फोन ठेवला आणि वाकून पाहिलं. दोन रातकिडे काकूंच्या पायाला लागले होते. कुरतडत होते. चिमट्याने ओढले तरी सुटेनात. सुटले तेव्हा पाय अर्धाच उरला होता.

खोटं बोललो. पोटच्या पोरीशी.

१३ मार्च
काकू जिवंत आहेत. सात पायांवर. जुनी कात शेजारी पडली आहे, काढून टाकलेल्या हातमोज्यासारखी.

कारखान्यात मी बाटल्या उजेडासमोर धरून तपासतो. आत केस अडकला तरी बाटली बाजूला. “दादांच्या नजरेतून काही सुटत नाही,” म्हणतात सगळे. घरी मात्र तोंड फिरवलं, आणि त्याला दया म्हटलं. मुंगीही मारत नाही म्हणून मिरवतो! झाकण कोण उघडत होतं मग? मारायचं काकूंनी आणि पुण्य माझं!

नाम घ्यायला बसलो. ओठ हलले, एवढंच.

१७ मार्च
लेकीचा फोन. “काकू काय म्हणतात?” “मजेत.” हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२४ मार्च
सांगितलं लेकीला. सगळं. ते ‘नाहीत’सुद्धा.

म्हणाली, “पाय येतो हो परत, पुढची कात टाकेल तेव्हा. पण आता अशक्त आहे ती. जिवंत किडा सोडू नका, डोकं चिरडून द्यायचा. आईला सांगा. तुम्हाला नाही जमायचं, बाबा.”

ही लगेच चिमटा घेऊन उठली. म्हटलं, राहू दे.

२५ मार्च
रातकिडा चिमट्यात धरला. त्याची माफी मागितली. डोळे उघडे ठेवून डोकं दाबलं. काकू हळूहळू पुढे आल्या. त्यांचं खाऊन होईपर्यंत मी समोरून हललो नाही.