टीव्ही कुठला घेऊ, कळवा

दिल्ली कँट,
गुरुवार, १ जुलै १९९९

प्रिय अहो,

‘प्रिय’च्या पुढे नाव लिहायचं म्हणून पाच मिनिटं पेन धरून बसले होते, पण हात काही रेटला नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, बायको बारावी शिकलेली, तरी कागदावरसुद्धा ‘अहो’च. हसा खुशाल. इकडे आम्ही तिघी ठीक आहोत. मीनाक्षीची शाळा आजपासून सुरू झाली, आत्याबाईंचा (तुमच्या मातोश्रींचा हो, दुसऱ्या कुणाचा!) गुडघा आहे तसाच आहे आणि कूलरच्या पाण्यावरून नळावर रोजची भांडणं चालू आहेत. तुमचं चोवीस मेचं पत्र दोन जूनला मिळालं. त्यानंतर काही नाही. वरून खाली टपाल यायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. लिहायचंय ते टीव्हीबद्दल.

आपला टीव्ही गेला. तुम्ही नगरला असताना घेतलेला, तो शटरचा. नऊ जूनला सकाळी बातम्या चालू असताना आतून फट्ट आवाज झाला, जळक्या वायरचा वास सुटला आणि पडदा काळा पडला. मेकॅनिकने मागचं झाकण उघडून बघितलं आणि लगेच परत लावलं. म्हणाला, भाभीजी, इसमें अब कुछ नहीं बचा, नया ले लो. आपल्या क्वार्टर्सची सगळी लाइन म्हणाली, दिल्लीचं व्होल्टेज. मीही म्हणाले, दिल्लीचं व्होल्टेज.

आता नवा घ्यायचा म्हणजे बघा, एखाद्या मुलीसाठी स्थळ बघावं तसं झालंय. ज्याला त्याला मत आहे. आपल्याला झेपतील असे दोनच आहेत, एक चौदा इंची रंगीत आणि एक वीस इंची साधा, ब्लॅक अँड व्हाइट. रंगीत जरा महाग. शेजारच्या हेमलता वहिनी म्हणतात, आजकाल साधा घेतं का कुणी, रंगीतच घे, रिमोटवाला. धोंडीराम भावजी म्हणतात, वीस इंची आपल्या मिलिटरी कँटीनमधून घ्या, गॅरंटी राहते आणि गावाकडे नेला तरी टिकतो. (भावजी आता इथे डेपोत आहेत, तुमच्यासारख्या वर लढाईवर गेलेल्यांच्या घरांची देखभाल त्यांच्याकडेच दिली आहे.) मीनाक्षीचं एकच टुमणं, मम्मी, कलरवालाच घे ना, सबके घर में है. आत्याबाईंना रंगाशी देणंघेणं नाही, त्यांना मोठा पाहिजे. ‘मान्सांची त्वांडं मोटी दिसाय पायजेत,’ म्हणतात. ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे, हे ठीक आहे हो. पण मनालाच काही कळत नसेल तर काय करायचं? चौदा इंची बघितला की पडदा बारका आहे म्हणायचं, वीस इंची बघितला की ठेवायला जागा कुठे म्हणायचं, असे मी तीन आठवडे काढले. दुकानात जायचं आणि खोड काढून परत यायचं. हेमलता वहिनी शेवटी वैतागून म्हणाल्या, तुला टीव्ही घ्यायचाय की नाही? त्यांनी चेष्टेत विचारलं. मी भाजी घ्यायला वळले.

आत्याबाईंना टीव्ही कशाला पाहिजे हे तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही असताना त्या टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडायच्या. तुमची पलटण वर गेल्याचं कळलं त्या दिवसापासून त्या पहाटेच अंघोळ करून पडद्यासमोर बसायला लागल्या. हिंदी त्यांना ओ की ठो कळत नाही. कोण काय बोलतं याकडे त्यांचं लक्षच नसायचं, त्या नुसत्या माणसं बघायच्या. एक दिवस पाठीवर बोजा घेऊन जवानांची रांग डोंगर चढताना दाखवली. (मीनाक्षीला डोंगर म्हटलेलं कळत नाही, पहाड म्हणावं लागतं.) रांगेतल्या शेवटच्या माणसाकडे बोट दाखवून आत्याबाई ओरडल्या, ‘त्यो बग, त्यो बग, माजा किस्ना! डाव्या पायावर जरा जोर देतोय बग.’ तोंड काही दिसलं नव्हतं. पाठमोरा, डोक्यावर टोपी, वर एवढा बोजा, कोण म्हणून ओळखायचं? पण त्यांनी मला साखर घेऊन अख्ख्या लाइनीत फिरवलं. मला मनातून माहीत होतं, ते तुम्ही नाही. तरी घरी येऊन मीही चिमूटभर साखर खाल्ली.

मग ती दुसरी चित्रं सुरू झाली. विमानतळ, तिरंग्यातल्या पेट्या, सलामी. तुम्हाला मी काय सांगायचं? खाली पट्टीवर नावं यायची. आत्याबाईंना वाचता येत नाही आणि मी स्वयंपाकघरातून मुद्दाम बाहेर यायची नाही. म्हणून त्यांनी मीनाक्षीला शेजारी बसवलं. ‘वाच गं बाय, काय लिवलंय.’ दुसरीतली पोर ती. एकेक अक्षर जुळवून, पाठ वाचावा तशी मोठ्यांदा वाचायची. मी पोळ्या लाटत ऐकायची. आठ जूनला तिने वाचलं, ‘कृ... ष्ण...’ आणि अडली. अडली ती जोडाक्षराला. पण माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं आणि आत्याबाईंच्या घशातून कसला तरी आवाज आला. मग तिने पुढचं वाचलं, तर नाव दुसऱ्याच कुणाचं, हरियाणातल्या कुठल्याशा गावचं. आम्ही दोघी सुटल्यासारख्या हसलो, अहो. खरंच हसलो. आणि मग मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. तिकडे हरियाणात त्या घरी काय चाललं असेल, आणि इकडे आपण हसतोय.

तेव्हा आता सांगते. व्होल्टेजचा काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई देवपूजेत असताना मीच टीव्हीची पिन स्टॅबिलायझरमधून काढून सरळ भिंतीतल्या प्लगला लावली. तुम्ही मला शंभरदा बजावलेलं होतं, जूनमध्ये असं कधी करायचं नाही, करंट एकदम वाढला तर सेट उडेल. तेच डोक्यात होतं माझ्या. दोन तासांत उडाला. पिन परत जागेवर लावून मी शेजाऱ्यांना हाक मारली. तुम्ही किती हौसेने आणलेला टीव्ही तो, खांद्यावरून उतरवू दिला नव्हता कुणाला. रागवा, पण माझ्या पोरीने असली नावं वाचायची नाहीत, एवढंच मला त्या दिवशी कळत होतं.

उपाय केला आणि फसला. आत्याबाई दुपारच्या मंदिरात भजनाला जाते म्हणून जायला लागल्या. अशा उन्हात कसलं भजन, म्हणून एक दिवस मी मागोमाग गेले. म्हातारी निघाली ती थेट गोपीनाथ बाजारात, दीनानाथ म्हणून एक पंजाबी आहेत त्यांच्या टीव्हीच्या दुकानात. भिंतीला दहा-बारा टीव्ही मांडलेले, सगळ्यांवर एकच बातम्या, आणि समोर स्टुलावर आपल्या आत्याबाई, हातात पाण्याचा ग्लास. टीव्ही पसंत करायला येते, असं त्या दुकानदाराला त्यांनी मराठीत सांगितलं होतं आणि त्याने हिंदीत मान्य केलं होतं. त्याने मला बघून नुसता हात केला, म्हणाला, बेटी, माताजी को देखने दो, टीव्ही बाद में ले लेना. वाचायचं काम तोच करत होता. नाव आलं की मान हलवून सांगायचा, नाही, तुमचा नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमचा डोंगर रंगीत बघितला. आकाश इतकं निळं असतं का हो तिथे? मी बघतच राहिले. मग एका स्ट्रेचरवर कुणाला तरी खाली आणताना दाखवलं आणि साध्या टीव्हीत जे काळपट दिसतं ते रंगीतमध्ये लाल दिसतं, हे मला कळलं. म्हणून मी रंगीत नको, नको म्हणत राहिले, आणि लाइनीतल्या बायका म्हणाल्या, शेवंता कंजूष आहे. पण साधा घेतला तरी पट्टी आलीच. घेतलाच नाही तर आत्याबाई उन्हात बाजार गाठतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! रात्रंदिवस डोक्यात तेच चालतं, चौदा की वीस, रंगीत की साधा, घेऊ की नको. स्वयंपाकात दोनदा मीठ पडतं. मीनाक्षीने काही विचारलं की मी भलतंच उत्तर देते.

त्यातच मागच्या आठवड्यात हेमलता वहिनींना विश्वनाथ भावजींचं पत्र आलं. तुमच्याच कंपनीतले ते. आजवर आलेलं प्रत्येक पत्र वहिनींनी मला वाचून दाखवलंय, नको तेसुद्धा. या वेळी म्हणाल्या, सगळं ठीक आहे, आणि पत्र ब्लाउजमध्ये ठेवून दिलं. तुमचं नाव त्यात नव्हतं म्हणून दाखवलं नाही, की होतं म्हणून? तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

आणि परवा मंगळवारी असं झालं. सकाळचे अकरा वाजले होते. लाइनीच्या टोकाला जीप थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर धोंडीराम भावजी, पूर्ण वर्दीत, आणि मागे आणखी एक जण वर्दीतला. इथे वर्दीतली दोन माणसं चालत यायला लागली की ती कशासाठी येतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रविवारीच मागच्या लाइनीत आली होती. नळावरच्या बायकांनी नळ बंद केला. एकेक दार मागे टाकत ते येत होते आणि मी मनात म्हणत होते, इथे वळा, इथे तरी वळा. बघा, माझं मन कसं झालंय. ते आपल्या दाराकडे वळले. मी आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. भावजींनी कडी वाजवली, वहिनी, वहिनी म्हणून हाका मारल्या. मी उघडलं नाही. जोवर उघडत नाही तोवर तुम्हाला काही झालेलं नाही, असं मला अगदी स्पष्ट वाटत होतं. त्यांना उन्हात तसंच उभं ठेवलं मी. शेवटी आत्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मला दंडाला धरून बाजूला केलं आणि म्हणाल्या, ‘दार लावून कुनाचं मानूस ऱ्हायलंय व्हय गं? हो बाजूला.’ आणि त्यांनी दार उघडलं.

बाहेर भावजी घामाघूम, आणि मागच्या जवानाच्या खांद्यावर टीव्हीचं खोकं. आत्याबाई उन्हातून बाजारात जातात हे त्यांना दीनानाथांकडून कळलं होतं, म्हणून त्यांनी आमची वाट न बघता कँटीनमधून आपल्या जबाबदारीवर वीस इंची उचलून आणला. परेडवरून तसेच आले म्हणून वर्दीत. मी खालीच बसले. हसत होते की रडत होते, आठवत नाही. भावजींच्या तेव्हा लक्षात आलं. एवढा मोठा माणूस, टोपी काढून म्हणाला, चुकलं माझं वहिनी, लांबूनच हाक मारायला पाहिजे होती. हेमलता वहिनी अनवाणी धावत आलेल्या, पीठ लागलेल्या हाताने दारात उभ्या होत्या. तशाच परत गेल्या.

खोकं अजून तसंच बंद आहे. उघडलं नाही तर आठ दिवसांत बदलून रंगीत मिळेल म्हणतात. आत्याबाई त्याच्याकडे बघत बसतात, पण उघड म्हणून एकदाही म्हणालेल्या नाहीत. मला वाटतं, पिनेचं त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सोबत कँटीनचा फॉर्म ठेवला आहे. त्यावर घेणाऱ्याची सही लागते. भावजी म्हणाले, वहिनी, तुमची सही चालते, आत्ताच करून टाका. मी म्हणाले, नाही, नियम म्हणजे नियम, घरच्या मालकाचीच सही घेईन. ते नुसतं बरं म्हणाले आणि आपल्या पेनने त्या जागी फुली मारून दिली. टीव्ही रंगीत घ्यायचा की साधा हे तुम्ही नाही कळवलंत तरी चालेल, ते आत्याबाई ठरवतील. मला कशी आहेस म्हणून विचारू नका, पत्र लिहायला वेळ नसेल तर लिहू नका, मीनाक्षीला पापासुद्धा नका पाठवू. फक्त फुली मारलीय तिथे सही करा आणि शेजारी तारीख घाला. तारीख विसरू नका. जुलैमधली कुठलीही चालेल.

तुमचीच,
शेवंता