पाण्यात तेजाब

चांदा, मंगळवार, १२ जुलै १९५५

उद्या नववीला तेजाबाचा प्रयोग दाखवायचाय. मी गणिताची. विज्ञानाला कुणी मिळेना म्हणून हेडबाईंनी तोही विषय माझ्याच गळ्यात घातला. तेजाबाची बाटली मी कधी उघडलेलीसुद्धा नाही.

संध्याकाळी प्रयोगशाळेचे शिपाई रहीमभाई ती बाटली पुसत म्हणाले, "बाई, पाण्यात तेजाब टाकजा, हळूहळू. तेजाबात पाणी नोका टाकू."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"आधीच्या बाईनं उलटं केलं होतं."

हेडबाई तर म्हणाल्या होत्या, लग्न ठरलं म्हणून आधीच्या बाईंनी नोकरी सोडली.

"फार भाजलं?"

रहीमभाई बाटली पुसतच राहिले.

पाण्यात तेजाब. पाण्यात तेजाब. उद्या मुलींसमोर नेमकं उलटंच आठवलं तर? आणि मुली किती पुढे वाकून बघतात!