भाऱ्याला लावलेला हात

बाई, मागच्या महिन्यात वर्गात तुमचा भारा पुन्हा उचलला. धसईच्या शाळेत इंग्रजीतलं ‘शी’ कुठे आणि ‘हर’ कुठे, हे आमच्या डोक्यात शिरेना, तेव्हा तुम्ही आम्हाला थेट खळ्यावर नेलं होतंत. भाताचा भारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीला हात लावावा लागतो. तुम्ही पदर खोचून माझ्या भाऱ्याला हात लावता आहात आणि म्हणता आहात, “आय हेल्प हर. माझा हात पोचला, म्हणून हर. आता मी बांधावर बसून नुसती आशा करते. आय होप शी वोन्ट फॉल. हात पोचला का? नाही. म्हणून शी.” मी भाऱ्याखालून ओरडते, “बाई, मान मोडली, आधी उतरवा!”

शहापूरच्या माझ्या वर्गात मी हेच सांगितलं, तर मागच्या बाकावरची एक पोर उठली. “मंग ‘आय वॉन्ट हर’मंदी हर कशाला, बाई? नुसता हवा वाटला तं हात कुठं पोचतो?” इतकी वर्षं हा नियम शिकवते, पण मला हे कधी सुचलंच नाही. तुम्ही काय सांगितलं असतंत?

ती पोर आईबापाबरोबर वीटभट्टीवर निघाली होती. गेलेली पोरं वर्गात क्वचितच परततात. नुसती आशा करत बसायचं नव्हतं, म्हणून तिच्या पाड्यावर गेले आणि तिला माझ्याकडे ठेवायची गोष्ट काढली. तिची आई भाकरी थापता थापता म्हणाली, “न्या बाई. पन बसवून नका ठेवू, तिला सगला येतंय.” तुम्ही मला असंच न्यायला आलात, तेव्हा माझी आई तुम्हाला म्हणाली होती, “पोर खाते लय, परवडायची नाय तुमाला.” तुम्ही हसून माझी पिशवी उचललीत.

तुम्ही मला हात लावलात, एवढंच मी आजवर समजत होते. पण काल दुसरं ताट मांडताना कळलं, ही पोर मला हवीच होती. माझ्या भाताला नावं ठेवत ती दोनदा वाढून घेते आणि मला बरं वाटतं. बाई, तुम्हालाही मी हवी होते का? इंग्रजी वाक्यावरून कळत नाही, ‘हेल्प’ असो की ‘वॉन्ट’, दोन्हीकडे हरच येतं.

तुम्ही तर गेलात, आता हे पत्र टाकायचं तरी कुठे? नियमाचं नुसतं निमित्त केलं, विचारायचं एवढंच होतं.