गोठ्यातलं आसन

अहो,

कुंडलिनी जागवायची म्हणून तुम्ही घर सोडून गंगोत्रीला गेलात, त्याला बावीस वर्षं झाली. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त आवडलं ते आहे तरी काय, हे बघायला मागल्या हिवाळ्यापासून मीही रागारागानं डोळे मिटून बसू लागले. गोठ्यात, धार काढून झाल्यावर. तिथं मला कुणी हाक मारत नाही.

आधी स्वप्नं पडू लागली. डोंगरावरून गवताचा भारा आणतेय आणि डोक्यावर वजनच नाही. मग गेल्या मंगळवारी सकाळी माकडहाडापाशी ऊब उठली आणि उतू जाणाऱ्या दुधासारखी टाळूपर्यंत चढली. अंग थरथरत होतं आणि मी मोठमोठ्यानं हसत होते.

तुम्ही न पाहिलेली आपली सून विमला धावत आली. "सासूबाई, अंगात आलं का हो? हसताय की रडताय?"

"दोन्ही गं! जा, चहा ठेव. साखर जास्त टाक."

तेव्हापासून तुमच्यावरचा राग शोधतेय, सापडत नाही. विमला म्हणते, "नव्या नवरीसारख्या दिसताय. मामंजींना कळवा की!"

पण हे पत्र मी टाकणार नाही. शेजारचा जगतसिंह यात्रेत तुम्हाला भेटला, तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, "अजून काहीच झालं नाही." हे वाचून तुमचं मन मोडेल.

आजवरच्या प्रत्येक पत्रात मी "परत या" लिहायचे. या वेळी ते लिहायचं राहूनच गेलं, हे आत्ता लक्षात आलं.

सुखानं बसा.

गोदांबरी