मधला टप्पा माझा

११ एप्रिल
शनिवारी केंब्रिजला कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांपुढे माझं भाषण. विषय क्रॅनबेरीच्या शेतातले पाण्याचे फवारे, म्हणजे खरं तर मी. थंडी वाढली की कळ्या गोठू नयेत म्हणून फवारे आपोआप सुरू करणारा आमचा प्रोग्राम. (पाणी वरच्यावर गोठतं, आतली कळी वाचते.) लिहिला लॉर्नाने, जीव ओतला मी. लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा कंपायलर या मुक्तवाल्यांचा, फुकटचा. त्याच्या कामाच्या मधोमध मी माझा एक टप्पा घुसवलाय, त्यामुळे प्रोग्राम पळतो. त्याचा कोड कुणाला दाखवत नाही. लॉर्ना भागीदार आहे, तिला वापरू देतो. तेवढं पुरे.

१४ एप्रिल
लॉर्ना सकाळी भाषणाबद्दल, कंपायलरच्या लायसन्सबद्दल लांबलचक काहीतरी सांगत होती. हो हो म्हटलं. डोक्यात भाषणाची सुरुवात घोळत होती.
लायसन्स आजच वाचून काढायचं ठरवलं. पहिलं पान झालं. चावडर सूप गार होत होतं.

१६ एप्रिल
भाषण अफाट! फळ्यावर चित्रच काढलं. त्यांचा कंपायलर, मधे मी, पुढे पुन्हा त्यांचा कंपायलर. सगळे चिडीचूप. भारावले असणार.
मग एल्डन नावाचा एक दाढीवाला उठला. या थंडीत पायात सँडल. म्हणाला, कंपायलरची छोटी लायब्ररी, म्हणजे आमचा तयार कोड, प्रत्येक प्रोग्रामला चिकटते, ठाऊक आहे ना? म्हटलं, मला शिकवताय? तर म्हणाला, एरवी आमची लायब्ररी जोडून प्रोग्राम गिऱ्हाइकाला दिलात, तर तुमचा सगळा कोड खुला करावा लागला असता. तसं होऊ नये म्हणून आम्ही सूट दिलीय. अट एवढीच, की कंपायलरच्या मधोमध स्वतःचं झाकलेलं काही घालायचं नाही. तुम्ही तर चित्र काढून कबुली दिलीत की हो!
लोक हसले. जळतात.

१८ एप्रिल
लॉर्नाला बजावलं, टप्पा निघणार नाही, उघडाही होणार नाही. ती म्हणाली, वेंडेल, अरे तो टप्पा तर... मी बोलू दिलं नाही. म्हटलं, तुझ्या नुसत्या कोडला कुत्रं विचारणार नाही, शेतकरी येतात ते माझ्या वेगासाठी. तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, इतकी वर्षं हेच वाटत होतं होय तुला? कर मग एकट्यानेच. आणि कॉफीचा कप उचलून गेली.
येईल परत. कप कंपनीचा आहे.

२५ एप्रिल
आली नाही. मी फोन करणार नाही. तसा केला एकदा. उचलला नाही.

२ मे
नवी आवृत्ती एकट्याने बांधून सगळ्या शेतांवर चढवली. लॉर्नाच्या मांडणीत माझा टप्पा कुठे दिसेचना. वेंधळेपणा तिचा. घातला.
एल्डनला मेल केली : कोर्टात भेटू.

९ मे
पहाटे सखल भागात दंव गोठलं. आमचं जुनं गिऱ्हाईक ऑझी पेल्टन, त्याच्या शेतात फवारे सुरूच झाले नाहीत. म्हाताऱ्याचा फोन. अरे बाबा, तुमचं यंत्र झोपा काढतंय काय? मी त्याला हवामान समजावलं.

१२ मे
पेल्टनकडे गेलो. कळ्या काळ्या पडल्यात. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, मागेही एकदा असंच झालं होतं. तेव्हा लॉर्ना आली आणि तुझं ते मधलं लचांड काढून टाकलं. तुला सांगितलंय म्हणाली. तेव्हापासून कधी तक्रार नव्हती बघ. तुला ठाऊक नव्हतं?
म्हटलं, होतं की.

१३ मे
तपासलं. माझ्या टप्प्यातून गेलेला प्रोग्राम थर्मामीटर एकदाच वाचतो आणि तोच आकडा धरून बसतो. पुन्हा वाचणं त्याला वेळेचा अपव्यय वाटतो. म्हणूनच पळतो.
म्हणजे शेतांवर चालत होतं ते सगळं लॉर्नाचं. सूट आम्हाला लागू होती. चौदा एप्रिलला ती हेच सांगत असणार, की भाषणात टप्प्याचं नाव काढू नको, गिऱ्हाइकाला देतो त्या प्रोग्राममध्ये तो नाहीच. नियम मोडला तो दोन मेला. मी.
एल्डनचं उत्तर : कोर्ट कशाला? टप्पा काढा, त्याच्याशिवायची आवृत्ती द्या, विषय संपला.
दिली. लॉर्नाची जुनीच. झकास चालते. तिच्यात माझं काहीही नाही.
संध्याकाळी लॉर्नाला फोन लावला. उचलला! मी सगळं सांगितलं, पेल्टनच्या कळ्या, माझं चुकलं, सगळं. कधी नव्हे ते मनापासून बोललो. ती हो हो म्हणत होती, मागे कीबोर्ड वाजत होता. शेवटी विचारलं, मग येतेस ना?
म्हणाली, कुठे?